दूध सोसत नाही? ट्यूनाला द्या भुरक्याची चव!

मैत्रिणींनो, पुण्या-हैदराबादला शिकायला किंवा नोकरीला असलेली आपली लेकरं सुट्टीत घरी आली की हल्ली त्यांच्या बॅगेतून नवनवीन वस्तू निघतात. त्यातलीच एक म्हणजे ट्यूना माशाचा चपटा, गोल डबा. "आई, याचं सॅलड कर ना, पाच मिनिटांत होतं," असं म्हणून लेकरू मोकळं होतं. मग आपण कुठेतरी छापलेली कृती शोधतो. त्यात लिहिलेलं असतं, मेयोनीज घाला, दही घाला, वर चीज किसा, जमलं तर क्रीम घाला. आणि इथेच एखाद्या घरात गाडी अडते. कारण त्या घरात कुणाला तरी दूध सोसत नसतं. कधी ती सासू असते, कधी शाळेत जाणारं पोर, आणि बऱ्याचदा आपण स्वतःच.

अशा वेळी आपण काय करतो? सगळ्यांसाठी एक वाडगा, आणि "तिच्यासाठी" बाजूला थोडं कोरडं, बेचव काढून ठेवतो. तसं करायची काहीच गरज नाही, हेच आज सांगायचं आहे. दूध, दही, लोणी, चीज यातलं काहीही न घालता ट्यूनाचं चवदार सॅलड होतं, आणि त्यासाठी लागणारं सामान आपल्या नांदेड-लातूरच्या फडताळात आधीपासूनच आहे.

"नाटकं करते" म्हणण्याआधी

बचत गटाच्या कामानिमित्त बायकांशी बोलणं होतं, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर येते. दूध सोसत नाही हे बाई पटकन सांगत नाही. एका ताईंनी लग्नानंतर कितीतरी वर्षं सासरी हे सांगितलंच नव्हतं. पंगतीत मठ्ठा आला की वाटी तोंडाला लावल्यासारखं करायचं, दह्यातली कोशिंबीर पानात तशीच ठेवायची आणि "भूक नाही" म्हणून उठायचं. कधी आग्रहापोटी खाल्लंच, तर रात्रभर पोटात कळा. घरचे म्हणायचे, "दूध-दुभत्याचं घर मिळालं आणि हिची नाटकं बघा!"

ही नाटकं नसतात. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवायला आपल्या लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं पाचक द्रव्य तयार व्हावं लागतं. तान्हेपणी ते भरपूर असतं. वय वाढतं तसं जगातल्या बहुतेक माणसांत ते कमी होत जातं. जगातल्या साधारण दोन तृतीयांश मोठ्या माणसांना ही साखर पूर्णपणे पचवता येत नाही, असा अंदाज आहे. आपल्या देशात उत्तरेपेक्षा दक्षिणेकडे हे प्रमाण जास्त आढळलं आहे. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात, आणि मग पोट फुगणं, गुडगुडणं, कळ येणं, जुलाब असा त्रास सुरू होतो. यात जिवाला धोका नसतो. अशा काही जणांना अर्धा कप दूध चालतं. ताक-दहीही बऱ्याच जणांना सोसतं, कारण विरजणातल्या जिवाणूंनी त्यातली थोडी साखर आधीच संपवलेली असते.

दुसरा प्रकार मात्र वेगळा आणि गंभीर आहे. तो म्हणजे दुधाची ॲलर्जी. ती दुधातल्या साखरेची नसून प्रथिनांची असते आणि लहान मुलांत जास्त दिसते. अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात, क्वचित श्वास अडकतो. अशा लेकराला चमचाभर दहीही चालत नाही. तूपसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही, कारण त्यात दुधाच्या प्रथिनांचा अंश राहू शकतो. श्वासाला त्रास झाला तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. शेजारणीने सांगितलं म्हणून लेकराचं दूध परस्पर बंद करू नका. आपल्याकडे कितीतरी मुलांच्या वाट्याला आधीच पोषण कमी येतं, त्यात हातचं दूधही गेलं तर नुकसान त्या मुलाचंच. आधी डॉक्टरांना दाखवा. तान्ह्या बाळाचं आईचं दूध तर अशा शंकेवरून कधीच तोडायचं नाही.

सॅलडमध्ये दूध लपतं कुठे?

आता आपल्या डब्याकडे येऊ. गंमत अशी की ट्यूनाच्या डब्यात दूध जवळजवळ नसतंच. आत शिजवलेला मासा आणि तेल किंवा मिठाचं पाणी, एवढंच असतं. खरं मेयोनीजही दुधाचं नसतं. अंड्याचा बलक, तेल आणि आंबटपणासाठी लिंबू किंवा व्हिनेगर घोटून ते करतात. पण आपल्याकडे दुकानात सहज मिळतं ते बिनअंड्याचं मेयोनीज. अंडं काढून टाकलं की मिश्रण धरून ठेवायला दुसरं काहीतरी लागतं, आणि बऱ्याच पाकिटांत त्यासाठी दुधाचीच पावडर वापरलेली असते. पाकिटावर हिरवा ठिपका असतो, म्हणून आपण निर्धास्त होतो. हिरव्या ठिपक्याचा अर्थ 'शाकाहारी' एवढाच आहे. दूध शाकाहारात मोजलं जातं, त्यामुळे हिरव्या ठिपक्याच्या पाकिटात दूध असू शकतं.

म्हणून पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. मिल्क सॉलिड्स, स्किम्ड मिल्क पावडर, व्हे, केसीन, बटर यातलं काहीही दिसलं तर त्यात दूध आहे असं समजा. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० सालच्या लेबलविषयक नियमांनुसार दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन अशा ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांची नोंद पाकिटावर वेगळी द्यावी लागते. २०२२ साली 'व्हीगन' म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच नसलेल्या पदार्थांसाठीही नियम आले आणि त्यांना वेगळं हिरवं चिन्ह ठरलं. इंग्रजी वाचायला अवघड वाटलं तर घरातल्या शाळकरी पोरीला वाचायला सांगा. तिचाही अभ्यास होईल. आणि सॅलड ब्रेडमध्ये भरणार असाल तर ब्रेडचं पाकीटही तपासा. काही ब्रेडमध्येही दुधाची पावडर असते.

आपल्याकडे काय कमी आहे?

दही किंवा मेयोनीज कोशिंबिरीत नेमकं काय काम करतं, हे एकदा लक्षात घेतलं की सगळं सोपं होतं. त्याची कामं तीन. एक, तेला-तुपाचा ओशटपणा देणं, कारण मसाल्याचा स्वाद स्निग्धतेतच नीट उतरतो. दोन, आंबटपणा देणं. तीन, सगळं एकजीव धरून ठेवणं.

ही तिन्ही कामं आपल्या मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात दुधाशिवाय रोज होतात. स्निग्धतेला करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल. आंबटपणाला चिंच, लिंबू, कैरी. एकजीव व्हायला दाण्याचं कूट. आपली पचडी आठवा. कोबी, गाजर, मुळा, वर कूट आणि चरचरीत फोडणी, दह्याचा थेंब नाही. खमंग काकडीतही दही नसतं. आणि सगळ्यांचा राजा म्हणजे आपला भुरका! गरम तेलात लसूण, तीळ, लाल तिखट आणि कूट. भाकरीवर नुसता घेतला तरी जेवण होतं. लातूरच्या शिकवण्यांना गेलेल्या कितीतरी पोरांच्या खोलीवर आईने दिलेली भुरक्याची बाटली असतेच.

माशाच्या बाबतीत तर दूध टाळणं आपल्याला नवं नाहीच. मासे आणि दूध एकत्र खाऊ नये, असं घरातली म्हातारी माणसं सांगत आली. चरकसंहितेतही या दोघांचा मेळ विरुद्ध आहारात सांगितला आहे. मासे-दूध एकत्र खाल्ल्याने अंगावर पांढरे डाग येतात, ही समजूत मात्र वैद्यकशास्त्राने खरी ठरवलेली नाही. पण या रिवाजामुळे मासळी बिनदुधाची चवदार करायची विद्या घरोघरी तयार झाली, हा आपला फायदाच.

गोव्यात आणि कोकणात सुक्या मासळीची किसमूर करतात. भाजलेली सुकट, ओलं खोबरं, कांदा, चिंच, मिरची, झालं. अरबी समुद्राच्या पलीकडच्या टोकाला मालदीव बेटांवर लोक सकाळच्या न्याहारीला 'मास हुनी' खातात. ट्यूना बारीक करून त्यात खवलेला नारळ, कांदा, मिरची आणि लिंबू कालवायचं आणि आपल्या पोळीसारख्या रोटीबरोबर खायचं. ट्यूना ज्यांच्या अंगणातला मासा, ते लोकही त्याच्या कोशिंबिरीत दूध-दही घालत नाहीत! कोकण किनाऱ्यावर याच जातीच्या माशांना कुपा, गेदर अशी नावं आहेत. म्हणजे डब्यावरचं नाव परकं असलं तरी मासा परका नाही.

भुरक्यातलं ट्यूना सॅलड

साहित्य : ट्यूनाचा एक डबा (साधारण १८० ग्रॅमचा), एक मध्यम कांदा बारीक चिरून, एक काकडी कोचवून, एक टोमॅटो बिया काढून चिरलेला, एक लहान गाजर किसून, मूठभर कोथिंबीर, एका लिंबाचा रस, चवीपुरतं मीठ.

भुरक्यासाठी : दोन मोठे चमचे तेल, अर्धा लहान चमचा मोहरी, अर्धा चमचा जिरे, ठेचलेल्या ५-६ लसूण पाकळ्या, एक मोठा चमचा तीळ, चिमूटभर हिंग, एक लहान चमचा लाल तिखट, दोन मोठे चमचे जाडसर दाण्याचं कूट. धर्माबादची मिरची घरात असेल तर तिखट जरा हात राखून घाला.

कृती : चिरलेल्या कांद्याला लिंबाचा अर्धा रस आणि किंचित मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा. त्याचा उग्रपणा जातो. काकडीला मीठ लावून पिळून घ्या. डबा उघडून मासा चाळणीत ओता, चमच्याने दाबून पाणी किंवा तेल पूर्ण निथळू द्या. मग काट्याने किंवा बोटांनी हलकेच मोकळा करा, लगदा करू नका. त्यावर उरलेला लिंबाचा रस घालून पाच मिनिटं ठेवा. माशाच्या वासाला आंबट लागलं की तो दबतो, त्यामुळे ही पायरी चुकवू नका.

आता कढल्यात तेल तापवून मोहरी, जिरे, हिंग घाला. लसूण सोनेरी झाला की तीळ टाका. ते तडतडले की गॅस बंद करा. एक मिनिट थांबा आणि मगच तिखट घाला, नाहीतर ते करपून कडवट होतं. शेवटी कूट घालून हलवा. हा भुरका कोमट झाला की माशावर ओता, कांदा, गाजर, कोथिंबीर मिसळा. काकडी आणि टोमॅटो अगदी पानं घेताना घाला, म्हणजे पाणी सुटणार नाही. मीठ सगळ्यात शेवटी, चव बघून. डब्यातल्या माशात मीठ आधीच असतं.

ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर हे सॅलड असं काही लागतं की विचारू नका. पोळीत गुंडाळून डब्यातही देता येतं, पण ते थंडीच्या दिवसांत आणि दोन तासांत खाल्लं जाणार असेल तरच.

लहान मुलांना तिखट चालत नसेल तर पांढरं, मऊ कालवण करा. अर्धी वाटी शेंगदाणे चार तास भिजवून सालं काढा. लिंबाचा रस, लसणाची एक पाकळी, चिमूटभर मोहरीची पूड, मीठ आणि लागेल तेवढं पाणी घालून मिक्सरमधून गुळगुळीत वाटा. दिसायला थेट मेयोनीजसारखं! अंडी चालत असतील तर उकडलेल्या अंड्याचा बलक तेल, लिंबू आणि मोहरीच्या पुडीबरोबर घोटा. कच्च्या अंड्याचं मेयोनीज घरी करण्यापेक्षा हे आपल्या उन्हाळ्यात बरं. ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, त्यांच्यासाठी कुटाऐवजी भाजलेल्या तिळाचं कूट वापरा, तेलही दुसरं घ्या. तीळही चालतात ना, हे मात्र आधी विचारा.

डबा मिळत नसेल तर?

ट्यूनाचा डबा आपल्याकडे प्रत्येक दुकानात मिळत नाही आणि स्वस्तही नसतो. त्याच्यावाचून अडून बसू नका. गोदावरीकाठच्या आपल्या नांदेडला आणि धरणांमुळे लातूरकडेही रोहू, कटला, मरळ मिळतात. मरळीला काटे कमी, म्हणून ती सगळ्यात सोयीची. डोळे स्वच्छ आणि कल्ले लालसर असलेली मासळी बघून घ्या. हळद-मीठ लावून वाफवा, पूर्ण शिजू द्या. गार झाली की बोटांनी चाचपून एकेक काटा काढा. हे काम घाईचं नाही, विशेषतः लेकरं खाणार असतील तर. पुढे वरचीच कृती.

आठवडी बाजारातली सुकट घेतली तर ती निवडून, तव्यावर कोरडी कुरकुरीत भाजून, चोळून पाखडून घ्या आणि भुरका-कांदा-चिंचेचा कोळ यांच्याबरोबर अगदी आयत्या वेळी कालवा. सुक्या मासळीत मीठ भरपूर असतं, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी बेतानेच खावी. सुकट ही कोळंबीच्या जातीची. तिची ॲलर्जी असणाऱ्यांनी दूरच राहावं.

आणि ज्यांच्या घरी मासळी चालत नाही, किंवा श्रावण चालू आहे? काबुली हरभरे भिजवून मऊ शिजवा, निम्मे जाडसर ठेचा, निम्मे तसेच ठेवा आणि त्यावर हाच भुरका. लातूर तर सोयाबीनची मोठी बाजारपेठ. सोयाबीन रात्रभर भिजवून, पाणी बदलून कुकरमध्ये चांगलं मऊ शिजवलं तर तेही चालतं. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं सोयाबीन मात्र पचायला वाईट.

एवढी काळजी घ्या

फुगलेला, पोचलेला किंवा गंजलेला डबा कितीही महाग असला तरी फेकून द्या. उघडल्यावर उरलेला मासा डब्यातच न ठेवता स्टीलच्या किंवा काचेच्या झाकणाच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. मे महिन्यात नांदेडचा पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा कालवलेलं सॅलड तासाभराहून जास्त बाहेर नको. वीज बराच वेळ गेली असेल तर फ्रिजवरही भिस्त ठेवू नका. ट्यूना उबेत राहिला तर त्यात हिस्टामीन नावाचं द्रव्य तयार होतं. त्याने तोंड लाल होतं, डोकं दुखतं, उलट्या होतात, आणि पुन्हा गरम केल्याने ते जात नाही.

मोठ्या समुद्री माशांत पारा साठतो आणि ट्यूना त्यातलाच. म्हणून गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी तो रोजचा करू नये. डब्यावर 'स्किपजॅक' किंवा 'लाइट' लिहिलेला लहान जातीचा ट्यूना घ्यावा. त्यात पारा कमी असतो. आठवड्यातून एखाद-दोनदा थोडा खाल्ला तर पुरे. गरोदरपणात किती खावा, हे डॉक्टरांनाच विचारा.

दूध बंद झालं की कॅल्शियमचं काय, हा प्रश्न हमखास येतो आणि तो योग्यच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार मोठ्या बाईला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. तीळ, नाचणी, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याचा पाला आणि काट्यासकट खाता येणारी छोटी मासळी यांतून ते मिळतं. भुरक्यात तीळ सढळ हाताने घालायला सांगितलं ते यासाठीही. फक्त तिळातलं सगळंच कॅल्शियम अंगी लागत नाही, म्हणून एकाच पदार्थावर विसंबू नका. मासे-अंडी खाणाऱ्यांना बी-१२ जीवनसत्त्व त्यांतून मिळतं. पूर्ण शाकाहारी आणि वर दूधही बंद अशा बाईने मात्र बी-१२ची तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात. सतत थकवा, हातापायाला मुंग्या हे "बायकांचं चालायचंच" म्हणून सोडून देऊ नका.

पुढच्या वेळी घरी पंगत असेल, हळदीकुंकवाला बायका येणार असतील, तेव्हा कोशिंबीर करताना दही आधीच कालवू नका. मासळीची, काकडीची, हरभऱ्याची, जी काही असेल ती भुरक्यातच करा. ज्यांना दही हवं त्यांच्यासाठी वाटी शेजारी ठेवा. म्हणजे कुणालाही "मला चालत नाही" असं चारचौघांत सांगावं लागणार नाही, आणि जिला दूध सोसत नाही ती बाई सगळ्यांबरोबर, त्याच वाडग्यातलं, पोटभर जेवून उठेल.